तात्यांचं वर आणि खाल

आमच्या तात्यांकडं दिशा दोनच होत्या, वर आणि खाल. कंधारच्या डोंगरात आमचा वढा निघतो ती बाजू वर, आणि तो मन्याड नदीला मिळतो ती खाल. चुलीपुढच्या काकूलाही ते सांगायचे, पातेलं जरा खाल सरकव. तिला ते बरोबर कळायचं.

तात्या माझे थोरले चुलते. उन्हाळ्यात वढा आटला की गावाला प्यायला झिरा तेच खणायचे. अनवाणी पायानं वाळू दाबत चालायचे, एका जागी थांबून म्हणायचे, "हितं हाय." हातभर उकरलं की पाणी झिरपायचं. काकू टोमणा मारायची, घरातलं मीठ सापडत न्हाई, वाळूतलं पाणी बरं सापडतंय.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. नांदेडला निघाले तेव्हा तात्या एस.टी.पर्यंत आले. म्हणाले, "भिऊ नको. आपल्या वढ्याचं पाणी नांदेडावरूनच जातंय. तुझ्या आधी पोचलंय ते."

पहिल्याच वर्षी भूगोलाच्या तासाला मी नकाशावर बोट फिरवलं. वढा मन्याडला, मन्याड मांजरेला, आणि मांजरा गोदावरीला मिळते ती नांदेडच्या बरीच पुढं, तेलंगणाच्या सीमेवर. नांदेडात आमचा थेंबही नव्हता. तात्यांना मी हे सांगितलं नाही. पदवी घेतली, तिथंच शिक्षिका झाले, तरी नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना नांदेडच्या दवाखान्यात आणलं. इलाज संपला होता. घरी नेऊ का विचारलं तर नको म्हणाले. "हितं आपलं पाणी हाय. माझी राख हितंच सोडा."

मग मात्र मला सांगावंच लागलं. ते उशीवरून माझ्याकडं वळले.

"म्हंजे इतकी वर्सं तू परक्या पाण्यावर राहिलीस?"

मी मान हलवली.

"शिकलीस पण." मग म्हणाले, "चल, आता वर ने मला."

घरी ते आठ दिवस होते. वढा कोरडा होता, म्हणून राख त्यांच्याच एका आटलेल्या झिऱ्यात, वाळूखाली ठेवली. पुढं पावसाळ्यात काकूचा फोन आला, वढ्याला पूर येऊन गेला, झिरा बुजला. त्या संध्याकाळी मी गोदावरीच्या पुलावर गेले. तात्यांच्या वाटेत धरण आहे, पण त्यांना घाई कधीच नव्हती. पुलाखालचं पाणी त्यांचं नव्हतं. तेही खालच चाललं होतं. मांजरा मिळते तिथं गाठ पडणार होती.