झालं की राहिलं?

जर्मन माणसांशी कसं बोलावं, हे कंपनीने आम्हाला दोन दिवस शिकवलं होतं. ‘प्रयत्न करतो’ म्हणायचं नाही, मान डोलवायची नाही, काम झालं नसेल तर झालं नाही असं सरळ सांगायचं. शिकवणाऱ्या बाईंनी आमच्याकडून ‘नाही’ हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. मी कसबा पेठेत वाढलेली. आमच्या गल्लीतला दुकानदार गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ‘नाही’ म्हणत असे. मला या शिकवणीचं हसूच आलं, पण प्रमाणपत्र मात्र मी टेबलासमोर लावून ठेवलं.

पुण्यात तेव्हा दर महिन्याला एखादी नवी काचेची इमारत उभी राहत होती, आणि तिशीच्या आतल्या माणसांना हाताखाली माणसं मिळत होती. माझ्या हाताखाली सहा जण होते. आमचं गिऱ्हाईक म्हणजे औषधं थंड गोदामांत साठवणारी एक जर्मन कंपनी. त्यांच्या गोदामांवर नजर ठेवणारी नवी प्रणाली आम्ही बनवत होतो. कुठल्याही खोलीतलं तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की तिने धोक्याची घंटा वाजवायची.

दर मंगळवारी दुपारी अडीचला त्यांच्या साहेबाशी फोन असे. मीटिंगच्या खोलीत टेबलाच्या मधोमध तीन पायांचा फोन होता आणि त्यावर एक दिवा. बटण दाबलं की दिवा लाल होई आणि आमचा आवाज तिकडे जाणं बंद होई. मी नियम केला होता. लाल दिवा असताना सगळ्यांनी मराठीत काय ते बोलून घ्यायचं, आणि दिवा विझला की फक्त मी बोलायचं. सहा जणांच्या सहा तऱ्हेच्या इंग्रजीपेक्षा हे बरं, असं माझं म्हणणं होतं. वरिष्ठांनीही या नियमाचं कौतुक केलं होतं.

सहा जणांत एक गृहस्थ यवतमाळकडचे होते. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, आधी एका कारखान्यात संगणकाचं काम केलेले. आमच्याकडे सहा महिन्यांच्या चाचणीवर आले होते, त्यानंतर कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. नोकरीच्या भरवशावर त्यांनी वारज्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या आणि मुलीला तिथल्या शाळेत घातलं होतं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. जुन्या नोंदींतल्या प्रत्येक खोलीची तापमानाची मर्यादा नव्या प्रणालीत बरोबर उतरली आहे की नाही, हे एकेक करून पडताळणं त्यांच्याकडे होतं.

पहिल्याच मंगळवारी, लाल दिवा लागलेला असताना, मी त्यांना पडताळणीचं विचारलं. ते म्हणाले, “होऊन राहिलं, मॅडम.”

त्यांच्याकडे याचा अर्थ काम चालू आहे, एवढाच. तो मला पक्का ठाऊक होता. तरी जीभ आवरली नाही.

“होऊन राहिलं म्हणजे काय? झालं की राहिलं?”

सगळे हसले, तेही हसले. मग तो ऑफिसचा विनोदच झाला. चहाच्या मशीनपाशी कोणी तरी विचारी, काय, चहा झाला की राहिला? डब्याच्या वेळी, लिफ्टमध्ये, तेच. महिन्याभरात ते ‘होऊन राहिलं’ म्हणायचे थांबले. मग हळूहळू बाकीचंही बोलायचे थांबले. विचारलं की ‘हो’, नाही तर ‘चालू आहे’, तेही इतकं जपून की परीक्षेला बसल्यासारखं. मी कोणाला तरी म्हटलं, रुळले आता. त्या गप्प बसण्याची मला तेव्हा भीती वाटायला हवी होती.

प्रणाली सुरू व्हायच्या आधीच्या शेवटच्या मंगळवारी जर्मन साहेबाने एकेक काम वाचायला घेतलं. पडताळणीपाशी आल्यावर तो थांबला. मी बटण दाबलं, दिवा लाल झाला. मी त्यांच्याकडे वळले आणि हसतच विचारलं, “काय, झालं की राहिलं?”

खोलीत हशा पिकला. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “झालं.”

मी दिवा विझवला आणि काम झालं म्हणून सांगितलं. साहेबाने विचारलं, पूर्ण, की जवळजवळ? पूर्ण, मी म्हटलं. त्याच वेळी समोर त्यांनी तोंड उघडलेलं मला दिसलं. मग त्यांची नजर विझलेल्या दिव्याकडे गेली आणि त्यांनी तोंड मिटलं. मी खाली कागदात पाहिलं. आजवर मी कोणाला सांगितलं नाही ते हेच, की मला ते दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. एक मिनिट हवं होतं त्यांना. मी म्हटलं, आता नको, सोमवार उरकू द्या. ते जागेवर गेले. शनिवारी आणि रविवारी ते एकटेच ऑफिसात येऊन बसले होते, हे मला मागाहून कळलं. राहिलेल्या खोल्या त्यांनी एकेक करून पडताळल्या. एक तेवढी राहिली.

सोमवारी प्रणाली सुरू झाली. दोन दिवस सगळं सुरळीत चाललं आणि आम्ही पेढे वाटले. मग नेमक्या त्याच खोलीतलं थंड करणारं यंत्र बंद पडलं. तिथली मर्यादा नव्या प्रणालीत चुकीची उतरली होती, त्यामुळे घंटा वाजली नाही. तिथल्या माणसांच्या लक्षात येईपर्यंत आतली सगळी औषधं वाया गेली होती आणि काही खोकी दवाखान्यांकडे रवानाही झाली होती. खोकी परत मागवली गेली. सगळी परत आली, असं आम्हाला पत्राने कळवण्यात आलं. ते वाक्य मी कितीदा वाचलं असेन, सांगता येणार नाही. प्रत्येक वेळी ‘सगळी’ या शब्दाशी थांबायची.

पुढच्या मंगळवारी साहेबाचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. कोणाला शिक्षा व्हावी अशी त्याची इच्छा नव्हती. पडताळणी अपुरी आहे हे कोणाला ठाऊक होतं, एवढंच त्याला समजून घ्यायचं होतं. आमचे विभागप्रमुख शेजारी बसले होते. त्यांनी स्वतःच बटण दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं. काम झालं असं मला सांगण्यात आलं होतं, मी म्हणाले. यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

विभागप्रमुखांनी दारावरचं रजिस्टर मागवलं. शनिवार-रविवारच्या यवतमाळच्या गृहस्थांच्या सह्या त्यात होत्या. म्हणजे काम अपुरं असल्याचं या गृहस्थांना माहीत होतं, असा अर्थ निघाला. सुट्टीचे दोन दिवस घालवून त्यांनी माझा शब्द खरा करायची धडपड केली होती, आणि नेमकी ती धडपडच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. मग झालं असं का सांगितलंत, विभागप्रमुखांनी विचारलं.

ते माझ्याकडे बघत म्हणाले, “सगळे हसत होते. मला वाटलं, मॅडम थट्टाच करत आहेत. थट्टेला उत्तर दिलं मी.”

यवतमाळचा एक सूर त्या बोलण्यात उरला नव्हता. अगदी आमच्यासारखं बोलले.

सहा महिने पुरे व्हायला तेव्हा जेमतेम पंधरवडा होता. त्यांचा अहवाल मीच लिहायचा होता. तांत्रिक ज्ञान, चिकाटी, वेळेवर येणं, सगळीकडे मी चांगले गुण दिले आणि त्यामुळे स्वतःला न्यायी समजले. संवादकौशल्याच्या रकान्यात सर्वांत कमी गुण दिले आणि शेरा लिहिला, परिस्थिती वेळेवर सांगत नाहीत. कायम करू नये, हे त्याखाली छापलेलंच होतं, मी फक्त खूण केली.

मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. गृहस्थांनी अहवाल सावकाश वाचला, शेरा दोनदा वाचला आणि सही केली. वारज्याची जागा महिनाअखेरीला सोडू, असं बाईंना सांगितलं. मुलीची सहामाही व्हायची आहे, तेवढे दिवस मिळाले तर बरं होईल, असंही म्हणाले. मग बाई माझ्याकडे वळल्या. कागद पुढे पाठवण्याआधी मला काही सांगायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. त्या खोलीत फोन नव्हता, दिवा नव्हता, हसणारं कोणी नव्हतं. ते माझ्याकडे बघत थांबले होते. बाईही थांबल्या होत्या, त्यांना घाई नव्हती.

“नाही,” मी म्हणाले, आणि त्यांच्या सहीखाली माझी सही केली.