यादीतलं चौथं नाव

फिटरकाकांना कुणी प्रामाणिक म्हटलं की ते उठून जातात. केंद्राच्या वर्धापनदिनाला दरवर्षी कुणीतरी माईक हातात घेतं आणि त्यांच्या यादीची गोष्ट सांगायला लागतं. तोवर काका मागच्या अंगणात नळाला पाणी आलंय का ते बघायला गेलेले असतात. लोकांना वाटतं, केवढा हा विनय. विनय कसला डोंबलाचा. त्या माणसाला ती गोष्ट ऐकवत नाही, एवढंच.

केंद्र म्हणजे फार मोठं काही नाही. एका बंद पडलेल्या गोदामात चार-पाच जणांनी हौसेनं मांडलेला पसारा. कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, खाली-वर होणाऱ्या खाटा. ज्याला लागेल त्यानं न्यावं, गरज संपली की धुऊन परत आणावं. काका कारखान्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या सोमवारी पान्ह्यांची पेटी घेऊन इथं हजर झाले. तेव्हापासून मोडलेलं चाक, अडकलेला ब्रेक, सगळं त्यांच्याच हातून जायचं. घरी मात्र स्वयंपाकघरातला नळ वर्षभर टपकत होता. "तुम्ही केंद्राशी दुसरा घरोबा केलाय," असं काकू म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता केंद्राच्याच गाद्यांच्या खोळी शिवायच्या.

या गाद्या म्हणजे केंद्राचा जीव. हवेच्या गाद्या. डब्याएवढा एक पंप त्यांच्यातल्या नळ्या आळीपाळीनं फुगवतो, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ एकाच जागी दाबली जात नाही आणि जखमा होत नाहीत. गाद्या सहा आणि मागणारे नेहमीच जास्त, म्हणून यादी. ती काकांच्या ताब्यात होती. नगरसेवकाचा फोन आला तरी नाव वर सरकत नसे. नाकासमोर चालणारा माणूस, असं सगळेच म्हणायचे, आणि काकांना ते ऐकायला आवडायचं. इथंच पाणी मुरत होतं.

काकूंची डावी बाजू गेली ती एका सकाळी, दात घासताना. तीन आठवडे हॉस्पिटलात काढून त्या घरी आल्या तेव्हा बोलणं शाबूत होतं, पण कुशीवर वळणंसुद्धा एकटीला जमत नव्हतं. काका दर दोन तासांनी गजर लावून त्यांना वळवायचे. पाठीखाली घडीच्या गोधड्या, टाचांखाली पाणी भरलेले रबरी हातमोजे. जे जे सुचलं ते केलं. फक्त यादीत नाव घातलं नाही.

का नाही घातलं? वही उघडून पेन हातात घ्यायचे आणि त्यांना वाटायचं, लोक म्हणतील, यादी याच्या हातात, बायको घरी आली नाही तोच बघा. नियमानं शेवटी नाव घालायलाही त्यांना संकोच वाटला. जनाची नाही तर मनाची तरी लाज धरावी, असं आपण म्हणतो. या गृहस्थांनी जनाचीच एवढी धरली की मनाला विचारायचं राहून गेलं.

बाविसाव्या दिवशी तपासायला आलेल्या नर्सताईंनी काकूंना कुशीवर केलं. माकडहाडापाशी रुपयाएवढा काळा डाग होता.

"काका, तुम्ही केंद्रातले ना? मग गादी कुठंय?"

त्या संध्याकाळी काकांनी नाव घातलं. चौथं. मधल्या बावीस दिवसांत दोन गाद्या सुटल्या होत्या. त्यातली एक बेकरीवाल्याच्या आईला गेली होती. तिचा पंप काकांनीच दुरुस्त केला होता आणि तीन जिने चढून त्यांनीच ती अंथरून दिली होती.

केंद्र चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, मी वर घेते तुमचं नाव. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," काका म्हणाले.

हेच ते वाक्य, जे माईकवरून सांगतात.

पुढचे दिवस कसे गेले ते माईकवरून कुणी सांगत नाही. गादी परत येते ती दोनच कारणांनी, माणूस बरा झाला तर किंवा गेला तर. आणि बहुतेकदा दुसऱ्याच कारणानं. काका घरोघरी पंप तपासायला जायचे आणि दारात विचारायचे, "कशी आहे तब्येत?" "बरी आहे," असं उत्तर आलं की ते मनात पुन्हा यादी मोजायला लागायचे. एकदा जिना उतरताना त्यांना कळलं की आपण कुणाच्या तरी मरणाकडे डोळे लावून बसलोय. मधल्या पायरीवर बसून ते रडले.

चाळीस दिवसांनी नंबर लागला. तोवर जखम हाडापर्यंत गेली होती आणि ताप उतरत नव्हता. काकू त्या गादीवर अकरा दिवस होत्या. त्यांच्यानंतर ती धुऊन यादीतल्या पुढच्या घरी गेली. पण काकांचं मन अडकलंय ते पहिल्या दिवसात.

त्या दिवशी सकाळी गादी अंथरली आणि काकू दुपारपर्यंत झोपल्या. जाग आल्यावर म्हणाल्या, "अहो, काय झोप लागली हो. पाठ आहे की नाही तेच कळेना." मग थोड्या वेळानं, "आधी का नाही मिळाली?"

"यादी होती."

"ते ठाऊक आहे मला. पण मी घरी आले त्याच दिवशी नाव घातलं असेल ना तुम्ही? मग एवढे दिवस कसे लागले?"

खोटं बोलता आलं असतं. पण आयुष्यभर सराव नव्हता.

"त्या दिवशी नाही घातलं. बावीस दिवसांनी घातलं."

"विसरलात?"

विसरलो म्हणाले असते तर काकूंनी हसून सोडून दिलं असतं. त्या घरात चष्म्यापासून दुधापर्यंत रोज काहीतरी विसरलं जायचं.

"नाही. लोक म्हणाले असते, यादी याच्या हातात आणि लगेच स्वतःच्या घरी..."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर सोसलं असतं. पण त्या नुसत्या बघत होत्या, समोर बसलेला हा माणूस कोण, ते ठरवत असल्यासारख्या.

"मला त्या बाजूला करा," त्या म्हणाल्या.

ती बाजू म्हणजे भिंतीची. काकांनी घड्याळ पाहिलं. वळवायची वेळ व्हायला अजून तासभर होता. तरी ते उठले. नर्सताईंनी शिकवलं होतं तसा एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि जखमेला जराही धक्का न लावता त्यांनी बायकोचं तोंड स्वतःच्याच हातांनी आपल्यापासून पलीकडे फिरवून दिलं. तिला एकटीला ते जमलं नसतं.