मानेला विचारलेलं हेल्मेट

परवा नव्या हेल्मेटचं पार्सल उघडलं, फोमचा वास आला आणि पेणमधलं ते हेल्मेटचं दुकान आठवलं. माझ्या रोह्याच्या मित्राने डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालवायची नवी कोरी बाइक घेतली होती. माझी जुनीच होती, त्यामुळे माझ्या पोटात आधीच दुखत होतं. त्याला हलकं हेल्मेट हवं होतं, म्हणून मी त्याला दुकानात नेलं. बाजाराला आलेले माझे बाबाही सोबत होते. बाबांनी उभा जन्म मिठागरात डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहिल्या होत्या. मित्र एकेक हेल्मेट हातात तोलून बघत होता. शेवटी तोच म्हणाला, "काका, तुम्ही बघा ना." बाबा हसले. "हातात सगलीच हलकी लागतात. वजन मानेला इचारायचा." मग ते एकेक हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर चढवून, टोपली वाहणाऱ्याच्या झपझप चालीने रस्त्यावरच्या खड्ड्यांतून फिरून आले. चौथं त्यांनी मित्राला घातलं, हनुवटीखालचा पट्टाही स्वतःच बांधला. "हाच घे. दिवसभर मान दुखनार नाय." माझं जड हेल्मेट हातात धरून मी नुसता जळत उभा होतो. परतताना फणकारलो, "माझ्या वेळेला नाय सुचलं तुम्हाला हे!" ते एवढंच म्हणाले, "तू इचारलास कवा?" परवा आलेलं हेल्मेट मित्राच्या त्या हेल्मेटपेक्षाही हलकं आहे, असं खोक्यावर छापलंय. बाबा आता नाहीत. मी ते घालून दारासमोर झपझप चालून आलो, पण माझ्या मानेला काहीच कळलं नाही.