मांडीवरची केळीबाग

सुपडूभाऊंकडे दाढीचे दोन ब्रश होते. एक दाढीसाठी आणि दुसरा शोकेससाठी. दाढीला एखादे दिवशी सुट्टी मिळे, शोकेसला नाही. दर रविवारी सकाळी भाऊ व्हरांड्यात जुनी चादर पसरायचे, शोकेसमधली एकेक वस्तू दोन्ही हातांनी धरून आणायचे, चादरीवर ओळीने मांडायचे आणि मग पाटावर बसून प्रत्येकीवर ब्रश फिरवायचे. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत घरात धूळ आणि राख बसायचीच. बाकीचे लोक एक फडकं मारून मोकळे होत.

मी त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायला आले तोही रविवारच होता. मी मूळची धुळ्याची. वीजकेंद्राच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि आपला सगळा संसार दोन सुटकेसमध्ये मावतो याचा मला भलताच अभिमान होता. चादरीवरचा तो पसारा पाहून मी अगदी मनापासून विचारलं, "काका, भंगारवाला इकडे कधी येतो? माझ्याकडेही एक मोडकी खुर्ची आहे."

भाऊंचा ब्रश थांबला. तो चादरीवर ठेवून ते म्हणाले, "बसा मॅडम."

मी उठले ती तासाभराने. तोवर मला कळलं होतं, की मण्यांनी मढवलेले दोन नारळ, लोकरीचा कुत्रा, काडेपेटीच्या काड्यांची झोपडी आणि बाटलीच्या पोटातली होडी हे सगळं त्यांच्या लग्नातलं रुखवत होतं. त्याशिवाय मुलाची पहिली पाटी, वडिलांच्या चष्म्याची एक काडी, आणि पहिल्या स्टोव्हची पिनसुद्धा होती. स्टोव्ह केव्हाच गेला होता, पिन राहिली होती.

"पिनेचं काय करणार भाऊ?" मी विचारलं.

"काही नाही. ठेवलेलं काही खायला मागत नाही."

आतून त्यांच्या बायकोचा, कोकिळाअक्काचा आवाज आला, "खायला नाही मागत, पन पुसायला मागतं!"

हा संवाद मी पुढे सात वर्षं ऐकला. भाऊ भडगावचे, अक्का रावेरकडची. भाऊंची अहिराणी आणि अक्काची तिकडची बोली एकाच घरात नांदायच्या, आणि दोघांची जुंपली की कोण कुठल्या बोलीत भांडतंय याला काही धरबंध नसे. माझ्याशी मात्र दोघं जरा इस्त्री केलेलं मराठी बोलत. शेजारीण असले तरी मी 'मॅडम' होते.

शोकेसचा राजा होता मधल्या कप्प्यात. काचेच्या पेटीतली केळीची बाग. केळीच्या वाळलेल्या सालपटांची सात खोडं, हिरव्या साटीनच्या फितीची पानं, पिवळ्या मोत्यांचे घड आणि मधल्या पाण्याच्या पाटाच्या जागी निळा चमचमता कागद. ही पेटी भाऊ सगळ्यात शेवटी पुसत. त्याआधी हात धुऊन येत. कुणीही पाहुणा आला, मग तो गॅस सिलिंडर पोचवायला आलेला का असेना, भाऊ त्याला शोकेससमोर नेत. "पानं पाहा. फाटलेली दिसतात? कात्रीने मुद्दाम फाडलीत. केळीचं पान वाऱ्यानं फाटतंच. ज्याने नुसती चित्रातली केळ पाहिली तो अख्खं पान करील. हे आमच्या घरच्यांच्या हातचं आहे बरं का!"

इथे अक्का उठायची आणि स्वयंपाकघरात जायची. दर वेळी. मला वाटायचं, बाई लाजते. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही नवऱ्याने केलेलं कौतुक ऐकून कुणी लाजतं याचं मला अप्रूप वाटे. माझी अक्कल तेवढीच.

भाऊ टर्बाइनवर ऑपरेटर होते. यंत्राच्या आवाजात जरासा फरक पडला तरी त्यांना तो सगळ्यांच्या आधी कळे म्हणतात. माणूस मुळात लक्ष देणारा. पण हे ठेवण्याचं वेड मला बरीच वर्षं निव्वळ खुळेपणा वाटत होतं. मग माझे वडील गेले. धुळ्याचं घर मी चार दिवसांत रिकामं केलं. कपडे वाटले, कागद जाळले, आणि कशी झटपट आवराआवर केली हे परत आल्यावर भाऊंना जरा तोऱ्यातच सांगितलं. ते म्हणाले, "त्यांचं काय ठेवलं?" मी म्हटलं, "काही नाही." ते आत गेले आणि बिस्किटांच्या डब्यातून कॅलेंडरचं एक फाडलेलं पान घेऊन आले. वडील एकदाच माझ्याकडे राहायला आले होते. तेव्हा भाऊंना कुठल्याशा लग्नाला धुळ्याला जायचं होतं, म्हणून त्यांनी त्या पानामागे एसटीच्या वेळा लिहून दिल्या होत्या. माझ्या वडिलांचा तिरका सात, त्यांचा पोट फुगलेला नऊ. "घ्या," भाऊ म्हणाले. मी ते पान घेतलं आणि माझ्या क्वार्टरमध्ये जाऊन पोटभर रडले. त्या दिवसापासून भाऊंच्या स्टोव्हच्या पिनेला मी कधी हसले नाही.

मागच्या वर्षी भाऊ निवृत्त झाले. क्वार्टर सोडायची वेळ आली. मुलगा पुण्याला, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, त्याने फोनवर सांगितलं, "तुम्ही दोघं कधीही या, शोकेस आणू नका." भडगावचं घर लहान, त्यात आधीच भावाचा संसार. मग वाटावाटी सुरू झाली. नारळ गेले, झोपडी गेली, कुत्रा माझ्या कामवालीच्या नातीने नेला. भाऊ प्रत्येक वस्तू स्वतःच्या हाताने देत, आणि देताना घेणाऱ्याला पुसायची पद्धत समजावून सांगत. चेहरा असा, की लेक सासरी चालली आहे.

एका संध्याकाळी मी खोकी बांधायला मदत करत होते. भाऊ अक्काला म्हणाले, "हाई बठ्ठं जाऊ दे. पन केळीनी बाग मना संगे येई. जशी आनी तशी मांडीवर लई जासू."

बाकी सगळं गेलं तरी चालेल, बाग मात्र ते मांडीवर घेऊन जाणार होते. अक्काच्या हातात सुतळी होती. ती तिने खाली ठेवली.

"ते मायं नाही," ती म्हणाली.

भाऊंना वाटलं, ती चिडून बोलते आहे. "तुनं नही त कोनं शे?"

"इंदूचं. आमच्या गल्लीतल्या."

मग ते सगळं बाहेर आलं. अक्काकडे रुखवतात मांडायला फारसं काही नव्हतं. टेबल भरलेलं दिसावं म्हणून गल्लीतल्या पोरींनी आपापल्या वस्तू एका दिवसापुरत्या आणून मांडल्या होत्या. तशी रीतच असते. दुसऱ्या दिवशी ज्याची वस्तू त्याला परत जाते. इंदूने स्वतःच्या लग्नासाठी केलेली केळीची बाग मैत्रिणीच्या टेबलावर आणून ठेवली. वरातीची गाडी भरताना मुलीकडच्या बायका उसन्या वस्तू बाजूला काढतच होत्या, तेवढ्यात खुद्द नवरदेवाने ती काचेची पेटी उचलली, आणि इतकी सुंदर वस्तू सामानात फुटेल म्हणून रावेरपासून भडगावपर्यंत मांडीवर घेऊन बसला.

"मी नवरी," अक्का म्हणाली. "भरल्या मांडवात काय सांगू, की हे आमचं नाही, उसनं आनलं म्हनून? भडगावले आल्यावर तुमी आख्ख्या गल्लीला दाखवलं. सासूबाईंनी मायी दृष्ट काढली. मंग कधी सांगनार होते मी?"

"तू माले सांगं का बरं नही?" भाऊ एवढंच म्हणाले. खूप हळू.

"दर दिवशी सांगनं एक दिवसानं अवघड होत गेलं," अक्का म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात इंदूचं लग्न झालं. तोंड दाखवायला नको म्हणून अक्का गेली नाही. तेव्हापासून जिवाभावाची मैत्रीण तुटली ती तुटलीच. माहेरी गेली तरी ती इंदूचं दार टाळून मागच्या गल्लीने जायची. आणि घरी नवरा दर रविवारी तिच्या डोळ्यांसमोर ती पेटी पुसत होता. मला माझीच लाज वाटली. सात वर्षं मी त्या बाईला लाजाळू समजत होते.

दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्या दारात उभे. "मॅडम, रविवारी गाडी मोकळी आहे का? रावेरला जायचंय. चोरीचा माल परत करायचाय." हसायचा प्रयत्न केला, जमला नाही.

अक्काने भावाला फोन करून पत्ता मिळवला होता, पण स्वतः यायला तयार नव्हती. निघायच्या क्षणी मात्र पायांत चपला सरकवून पुढच्या सीटवर येऊन बसली. मागे भाऊ, मांडीवर पेटी. तापीचा पूल ओलांडला, सावद्यानंतर दोन्ही बाजूंनी केळीच केळी सुरू झाली. खड्डा आला की मी आरशात पाहायची. भाऊंनी पेटीला धक्का लागू नये म्हणून ती दोन्ही हातांनी उचलून धरलेली असायची.

इंदूबाईंच्या घरापुढे ट्रक लागला होता आणि केळीची खोकी भरणं चाललं होतं. अंगाने भरलेली, पदर खोचलेली एक बाई ट्रकवाल्याला काहीतरी सुनावत होती. आम्हाला पाहून म्हणाली, "कोन पायजे?" मग तिची नजर अक्कावर गेली आणि तिथेच थांबली.

भाऊंनी घाईघाईने पेटी ओट्यावर ठेवली. "ताई, ही तुमची. उचलली मी. हिचा काही दोष नाही."

इंदूबाईंनी पेटीकडे पाहिलंही नाही. "लग्नाले कायले आली नाही व?" त्यांनी अक्काला विचारलं.

"कोनत्या तोंडानं येऊ?" अक्काचे डोळे भरले होते.

"अवं, हे गेलं ते गेलं. तू कायले गेली?"

अक्का ओट्यावरच बसली आणि लहान मुलीसारखी रडली. इंदूबाई शेजारी बसल्या. थोड्या वेळाने डोळे पुसत त्यांनी पेटी जवळ ओढली, झाकण काढलं आणि मोठ्याने हसल्या. "पाह्य व माय! घडातल्या केळ्याचं टोक वर वळते, मी सगळे खाली लोंबवले! मोत्याले कोन वळवनार!"

आणि भाऊ, ज्यांनी ती बाग पस्तीस वर्षं पुसली होती, ते तिच्या मूळ मालकिणीशी वाद घालू लागले. "नाही ताई, तसं नाही. घडांना ओझं झालंय म्हणून ते झुकले आहेत. पण पान पाहा ना तुम्ही. पान कसं फाटलंय!"

इंदूबाईंचं हसू थांबलं. त्यांनी बोटाने एकेक घड चाचपला. "एक मोती गयला नाही," त्या म्हणाल्या. "कोन पुसत होतं?"

"मीच."

इंदूबाईंनी पेटीचं झाकण लावलं. भाऊ त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. ते काय ऐकायला थांबले आहेत हे मला स्वच्छ दिसत होतं. 'राहू द्या तुमच्याकडेच' एवढे तीन शब्द. मलाही ते हवे होते. चहा झाला, पोहे झाले, अक्का आणि इंदूबाई आत जाऊन अर्धा तास हसून आल्या. निघताना इंदूबाईंनी पेटी उचलून कमरेशी धरली.

"भाऊ, तुमाले वाईट वाटन. पन मी ठेवते. माया लग्नात आईनं दुकानातून आनलेले प्लास्टिकचे हंस मांडले होते."

"तुमचीच आहे," भाऊ म्हणाले. आणि खिशातून तो दाढीचा ब्रश काढून त्यांच्या हातात दिला. "पाण्याने नका पुसू. फितीचा रंग जाईल."

परत येताना अक्का मागे, भाऊंच्या शेजारी बसली. भाऊंच्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. मांडीवर ठेवत होते, उचलत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "कोकिळा, मंग त्या रुखवतमा तुना हातनं काय व्हतं?"

"बिबड्या," अक्का म्हणाली. खानदेशात उन्हाळ्यात वाळवून ठेवतात ते पापड. "ज्वारीच्या. दोन डबे. चार दिवस पाठ मोडून केल्या होत्या. तुमच्या घरच्यांनी पंधरा दिवसांत खाऊन संपवल्या."

"चांगल्या व्हत्या."

"आठवतात तुमाले?"

मी असते तर बेलाशक 'हो' म्हटलं असतं. कुठलाही शहाणा नवरा म्हणाला असता.

"नही," भाऊ म्हणाले. "माले नही आठवत, कोकिळा."

मी आरशात पाहिलं नाही, धीर झाला नाही. तापीचा पूल आला आणि मागे गेला. मग अक्काचा आवाज आला, रोजचाच, जरा खडा.

"भडगावले गेल्यावर करते. या वखती ध्यान देऊन खाजा."