धाकट्याची वाकडी गल्ली

वडिलांनी दिलसुखनगरच्या मागे पाठीला पाठ लागलेले दोन प्लॉट घेतले होते. वाटणीच्या वेळी मी थोरलेपणाचा हक्क गाजवून रुंद, सरळसोट रस्त्यावरचा उचलला. धाकट्या भावाच्या पदरी मागची वाकडी गल्ली आली. मला त्याची कीव वाटली आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

मग मेन रोडवरचा यू-टर्न बंद झाला आणि सगळी गर्दी आमच्या दारावरून धावू लागली. क्लासला उशीर झालेली पोरं, कॅब, स्कूलबस. रस्ता सरळ, त्यामुळे कोणाचाच पाय ब्रेकवर जात नाही. धाकट्याच्या गल्लीत मात्र दोन वळणं, मध्ये कडुनिंब आणि तोंडाशी रहिवाशांनी रोवलेले लोखंडी खांब. तिथल्या बायका चक्क रस्त्यात खुर्च्या टाकून भाजी निवडतात. बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझी बायको रोज संध्याकाळी काठी टेकत मागच्या फाटकातून जावेकडे जाई, ती तासभर परतत नसे. सुख त्याच्याकडे, वर माझी बायकोही त्याच्याच दारात!

तीस वर्षं सरकारी कचेरीत मी लोकांच्या दरखास्ती सुधारल्या. एका दुपारी स्वतःच एक लिहिली: खांब बेकायदा आहेत, अग्निशमनाच्या गाडीला अडथळा होतो. खाली 'एक त्रस्त नागरिक'. कचेरीने माझं इतक्या लवकर कधीच ऐकलं नव्हतं. आठवड्याच्या आत खांब उपटले गेले.

त्या संध्याकाळी बायको पाच मिनिटांत परत आली आणि खुर्चीत बसून रडू लागली.

"कोण डोकं फिरलेला हौला आहे की, तक्रार केली म्हणे! गल्लीत गाड्या कशा सुसाट येऊ लागल्या हो. तिथेच चालायला शिकत होते मी. तुम्हाला एकदम काठी सोडून दाखवणार होते. काल भाऊजींनी काठी काढून घेतली, तर कडुनिंबापर्यंत एकटी गेले."

लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. आधी मनात आलं, तिची ती पावलं धाकट्याने पाहिली, मी नाही.

दरखास्त कोणाची, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती आता आमच्या हॉलमध्ये काठी घेऊन चालते. सोफ्यापासून टीव्हीपर्यंत नऊ पावलं होतात, मग वळावं लागतं.