पडवीतला नाताळ

नाताळची सुट्टी म्हणजे माझ्या लेखी राहिलेल्या कामांचा दिवस. शाळेत पोरांवर ओरडून घसा बसलेला, घरी चादरी भिजत पडलेल्या. त्यात त्या वर्षी धाकट्या दिराचा पुण्याहून फोन आला, की आम्ही नाताळला कोल्हापूरलाच येतोय आणि ही सगळ्यांना नाताळचं जेवण करून घालणार आहे. ही म्हणजे माझी नवी जाऊ. ख्रिस्ती घरातली, लग्न रजिस्टर झालेलं. आमचं घर जैनांचं. मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवून कपाळावर हात मारला.

सासूबाईंनी लग्नाला विरोध केला नव्हता. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या तिच्याशी फार गोड वागत. 'बसा, चहा घ्या' म्हणत आणि बाहेरच्या खोलीतून आत येऊ देत नसत. माझ्या स्वयंपाकात रोज खोट काढणाऱ्या या बाई परक्यांच्या हातचं मात्र 'छान झालंय' म्हणून दोन घास खात आणि ताट सारत. जावेनं दिवाळीत आणलेल्या करंज्या अशाच 'छान' झाल्या होत्या. ती बिचारी खूश झाली. मला तिला काही सांगवलं नाही.

नाताळच्या दिवशीही 'पावण्यांना कशाला कामाला लावायचं' म्हणत सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात घेतलं नाही. दिरानं मागच्या पडवीत रॉकेलचा स्टोव्ह मांडून दिला. ती तिथं बसली आणि मी दिवसभर आतबाहेर हमाली केली. पीठ दे, परात दे, गाळलेलं पाणी दे. अंडं नाही, मटण नाही, कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजरसुद्धा नाही. तरी ती मागे हटली नाही. भोपळी मिरच्यांत आजऱ्याचे काजू भरले, मटारभात केला. तिच्या माहेरी नाताळला पांढरा रस्सा असायचा, तोही बिनमटणाचा करून बघितला. माझ्या नवऱ्यानं चव घेतली आणि म्हणाला, "दुधाला फोडणी दिलीया जणू."

शेवटी दही घातलेला केक कुकरात वाळू तापवून तिच्यावर ठेवला. सासूबाई सूर्य मावळल्यावर पाणीही घेत नसत, म्हणून जेवण उजेडी व्हायला हवं होतं. पण जावेला पहिला तुकडा सासूबाईंना द्यायचा होता आणि केकशिवाय ताट वाढायचं नव्हतं. स्टोव्ह सारखा भकभकत होता. पिन मारा, पंप मारा, झाकण काढून बघा, केक मधे कच्चाच. सासूबाई दुपारचा चहा न घेता पाटावर येऊन बसल्या होत्या. भिंतीवरचं ऊन वर सरकत गेलं. एकदाच त्यांनी विचारलं, "व्हतंय न्हवं?" मग ऊन गेलं आणि त्या उठल्या. "ऱ्हाऊ दे आता. तुमी जेवा."

आम्ही जेवलो. केकही झाला, पण तो कुणी कापला नाही. भांडी घासताना जाऊ म्हणाली, "ताई, आईंना माझ्या हातचं खायचंच नव्हतं."

"खायचं होतं. चहा टाकून बसल्या होत्या." मी म्हटलं खरं, पण माझीही खात्री नव्हती. पाय दुखत होते आणि दोघींचाही राग येत होता. केक झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता, रात्रीचं शिळं सासूबाईंना चालत नसे.

सकाळी मी दूध तापवत होते. सासूबाई आंघोळ करून आल्या आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या, "उठलीस का न्हाय गं? आंघूळ कर आन् ये आत. स्टोव्हवर कुठं केक व्हतोय व्हय? गॅसवर कर की." जाऊ ओल्या केसांनी येऊन दारातच थबकली. सासूबाईंनी मला कोपरानं बाजूला केलं. "सर गं, तिला जागा दे."

केक झाला तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. सासूबाईंनी तुकडा मोडला, चावला, पुन्हा मोडला.

"साखर कमी पडली," त्या म्हणाल्या. "आन् बूड करपलंय. थोरलीबी आल्या आल्या असंच करपवायची."

जावेचे डोळे भरले. मी स्टूल ओढून बसले. कालपासून पहिल्यांदाच निवांत बसत होते, आणि मला हसूही येत होतं, रडूही.

"रडतेस काय," मी तिला म्हटलं. "नावं ठेवतायत त्या तुला."