कापूस म्हणून नेलेली अंबाडी

वऱ्हाडात राहून, कापूस म्हणून अंबाडी उपटून वर्गात नेणारा हेडमास्तर आजवर एकच झाला असावा. तो मी. घरात ही गोष्ट मीच सांगतो, कारण दुसऱ्यांनी सांगितली की ती वाढते.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे अकोल्यात कापसाला सोन्याचे दिवस आले. चार अक्षरे येणाऱ्या माणसाला कापसाचे अडते हिशेब लिहायला दुकानात ओढून नेऊ लागले. आमच्या इंग्रजी शाळेचे दोन मास्तर असेच गेले. उरला एक, वलगावकडचा, पोरांना हसवत हसवत त्रैराशिक शिकवणारा. त्यालाही दुप्पट पगाराचे बोलावणे आले होते आणि शनिवारी तो जबाब देणार होता. तो गेला की सगळे वर्ग माझ्या गळ्यात, म्हणजे शाळा बुडालीच.

अशा वेळी शहाणा माणूस त्याच्याशी गोड बोलला असता. मी त्याला शिकवायला निघालो. हेडमास्तराने इतर मास्तरांचे पाठ पाहावेत, त्यांना रीत दाखवावी, असा वरून हुकूमच होता. माझा दिवस जाई गळक्या कौलांचे अर्ज लिहिण्यात आणि पोरांना निंदणीला नेणाऱ्या बापांची मनधरणी करण्यात. पण पुण्यात शिकून आल्याची ऐट होती ना! वस्तू दाखवून शिकवावे, ही तिथली रीत. शुक्रवारी शाळेमागच्या शेतातून एक झाड उपटले, मास्तराला म्हटले, "तुम्ही मागे बसा आणि नीट पाहा."

"मुलांनो, हे कापसाचे झाड. पान पाहा, हाताच्या बोटांसारखे."

श्रावणातले झाड, ना फूल ना बोंड. वर्ग चिडीचूप. मला वाटले, मुले रंगली.

शेवटी पुढच्या रांगेतून आवाज आला, "हे तं अंबाडी होय ना जी!"

"गप्प बस!" मी म्हणालो.

मास्तर मागून उठून आला. "साहेब, एक पान चावून पाहा."

"ते कशाला?"

"पाहा तं खरं."

चावले. आंबटढाण! माझे तोंड असे वाकडे झाले की वर्ग लोळायचाच बाकी राहिला. मास्तर मात्र हसला नाही. "चला रे, साहेबांले कापूस दाखवू," म्हणत त्याने सगळ्यांना शेतात नेले. तिथे कापसाच्या ओळींशेजारीच अंबाडीची ओळ होती. त्याने मला दोन्ही झाडांवरून बोट फिरवायला लावले; अंबाडीची काडी बारीक काट्यांची, कापसाची मऊ. मग म्हणाला, "आता कापूस कोन्ता, साहेब?"

मी दाखवला. "शाब्बास!" सगळी पोरे ओरडली. पुण्यात परीक्षा उतरलो तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

परतताना तो म्हणाला, "उद्या अडत्याले नाही म्हणून सांगतो."

"काहून?" माझ्या तोंडून वऱ्हाडीच निघाले.

"दुकानात पगार दुप्पट भेटंल जी, पण पुण्याहून आलेला विद्यार्थी कुठं भेटते? एकच अट. माह्या वर्गात तुमी मागंच बसायचं."

मी कबूल केले.

हातातले झाड तसेच घरी आले होते. कुटुंबाने पाने खुडून ज्वारीच्या कण्या घालून भाजी केली. जेवताना मी सगळी हकिकत सांगितली. मास्तर राहिला हे ऐकून तिने देवाला हात जोडले. मग रिकाम्या पातेल्यात डोकावून म्हणाली, "उद्या शाळेतून येताना इकडून थोडा जास्त कापूस आणावा. आजची भाजी पुरली नाही."